आधी उत्तरपत्रिका पाहा, मग अर्ज करा

निकाल लागला की कॉलेजच्या कट्ट्यावर सल्ल्यांना तोटा नसतो. ‘रिव्हॅल टाक, दहा मार्क तर वाढतातच.’ ‘सरांना भेटून ये.’ ‘केटी लागली म्हणजे वर्ष गेलं.’ या सल्ल्यांच्या नादात पहिले चार-पाच दिवस निघून जातात, आणि अर्जाची मुदत मुळातच मोजक्या दिवसांची असते.

सगळ्यात जास्त गोंधळ दोन शब्दांचा आहे. गुणपडताळणी आणि पुनर्मूल्यांकन एकच, असं पुष्कळांना वाटतं. पडताळणीत तुमची उत्तरं कोणी पुन्हा वाचत नाही. एखादा प्रश्न तपासायचा राहिला का, बेरीज बरोबर आहे का, उत्तरपत्रिकेवरचे गुण गुणपत्रिकेवर नीट उतरले का, एवढंच पाहिलं जातं. पुनर्मूल्यांकनात दुसरा परीक्षक पेपर नव्याने तपासतो. बेरीज चुकली असेल तर पडताळणी पुरते. बरोबर उत्तराला शून्य मिळालं असेल तर तिचा काही उपयोग नाही.

आपल्या बाबतीत नक्की काय झालं, हे मात्र उत्तरपत्रिका पाहिल्याशिवाय कळत नाही. ती विद्यार्थ्याला दाखवतच नाहीत, हा समज आता तरी जायला हवा. सीबीएसई विरुद्ध आदित्य बंदोपाध्याय या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ९ ऑगस्ट २०११ रोजी स्पष्ट केलं की तपासलेली उत्तरपत्रिका ही माहिती अधिकार कायद्यातली ‘माहिती’ आहे आणि परीक्षार्थीला ती पाहता येते, तिची प्रतही मिळते. परीक्षकाचं नाव मात्र मिळत नाही. महाराष्ट्रात माहिती अधिकाराच्या अर्जाचे दहा रुपये आणि प्रतीच्या प्रत्येक पानाचे दोन रुपये पडतात. पण कायद्याने उत्तराला ३० दिवसांची मुदत दिली आहे, आणि तोवर पुनर्मूल्यांकनाची तारीख उलटून जाऊ शकते. म्हणून विद्यापीठाच्याच योजनेतून फोटोकॉपी मागवावी, शुल्क जास्त पडलं तरी. प्रत हातात आली की ती घेऊन विषयशिक्षकांकडे जा. सरांना भेटायचं ते यासाठी. विद्यापीठाच्या पेपरचे गुण वाढवणं त्यांच्या हातात नसतं, पण कुठलं उत्तर खरंच अन्यायाने कापलं गेलं, हे तेच नीट सांगू शकतात.

विद्यापीठाकडून चूक होत नाही, असं कोणी म्हणत असेल तर २०१७ आठवावं. मुंबई विद्यापीठाने पेपर संगणकाच्या पडद्यावर तपासायला घेतले, निकाल रखडले, उत्तरपत्रिकांची अदलाबदल झाल्याच्या तक्रारी आल्या आणि त्याच वर्षी राज्यपालांनी कुलगुरूंना पदावरून दूर केलं.

तरीही पुनर्मूल्यांकनात गुण वाढतातच असं नाही. ते कमीही होऊ शकतात. काही ठिकाणी ठरावीक टक्क्यांहून जास्त फरक पडला तरच तो धरतात, तेव्हा आपल्या विद्यापीठाचा नियम आधी वाचा. इंटर्नल, प्रात्यक्षिक आणि तोंडी परीक्षेचे गुण सहसा यात येतच नाहीत. इंटर्नलची शंका कॉलेजने ते गुण विद्यापीठाला पाठवण्यापूर्वीच विचारावी लागते.

‘कोर्टात जाऊ’ हेही सर्रास ऐकू येतं. नियमात तरतूद नसेल तर पुनर्मूल्यांकन हक्क म्हणून मागता येत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने १९८४ मध्येच सांगितलं. तो खटला महाराष्ट्राच्याच शिक्षण मंडळाचा होता. कोर्टाच्या आधीचा जवळचा रस्ता बहुतेकांना माहीत नसतो: विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२३च्या नियमांप्रमाणे विद्यार्थी तक्रार निवारण समिती असते, तिने १५ कामकाजाच्या दिवसांत अहवाल द्यायचा असतो, आणि त्यावर लोकपालांकडे अपील करता येतं. पण नुसते ‘कमी गुण मिळाले’ म्हणून लोकपाल पेपर पुन्हा तपासायला लावत नाहीत. निकालावर परिणाम करणारी नेमकी अनियमितता किंवा भेदभाव दाखवावा लागतो, आणि तो दाखवायला हाताशी पुन्हा तीच फोटोकॉपी लागते.

राहिली केटी. एटीकेटीचा अर्थच ‘अलाउड टू कीप टर्म्स’, म्हणजे पुढच्या सत्रात बसायची परवानगी. नियमात बसणारे विषय राहिले असतील तर वर्ष जात नाही. ते विषय पुढच्या परीक्षेत सोडवता येतात. त्या परीक्षेच्या अर्जाची तारीख पुनर्मूल्यांकनाच्या निकालाची वाट पाहत थांबत नाही, म्हणून तो फॉर्मही भरून ठेवा. आणि फोटोकॉपीच्या अर्जाची शेवटची तारीख विद्यापीठाच्या परिपत्रकातून आजच उतरवून घ्या.