पंपाचा नंबर शेवटचा: पॉवर स्टिअरिंगबद्दलचे गैरसमज आणि वस्तुस्थिती

गोव्यातल्या पेडणे आणि डिचोली तालुक्यांतली जुनी गाडी बरंच काही सोसते. हरमल-मोरजीकडे खारी हवा, पाळी-शिरगावच्या खाणपट्ट्यात लाल धूळ, आणि जूनपासून सगळीकडे पाऊस. या तिन्हींचा उपद्रव स्टिअरिंगपर्यंत पोहोचतो. मात्र स्टिअरिंग जड झालं की पहिला संशय घेतला जातो तो पंपाचा किंवा रॅकचा. या यंत्रणेतले हेच सगळ्यांत महागडे भाग, आणि त्यांच्याआधी करायच्या तपासण्या जवळपास फुकटच्या आहेत.

सुरुवात बॉनेट उघडून करा. इनोव्हा, बोलेरो, क्वालिस यांसारख्या जुन्या गाड्यांत इंजिनाच्या बेल्टवर फिरणारा पंप आणि तेलाची छोटी टाकी दिसेल. ही हायड्रॉलिक पद्धत. 2005 मध्ये आलेल्या स्विफ्टसारख्या गाड्यांत तेल नसतं, विजेची मोटर असते. मोटरवाली ही पद्धत, म्हणजे ईपीएस, जपानमध्ये सुझुकीने 1988 साली सर्वो या छोट्या गाडीत आणली. आपली गाडी कोणत्या जातीची हे ठरल्याशिवाय पुढची कोणतीही तपासणी करण्यात अर्थ नाही.

गैरसमज 1: स्टिअरिंग जड झालं, म्हणजे पॉवर स्टिअरिंग गेलं.

वस्तुस्थिती: आधी टायरमधली हवा बघा. पुढच्या टायरांत हवा कमी असली तरी स्टिअरिंग जड होतं. मग पुढची दोन्ही चाकं उचलून गाडी पक्क्या स्टँडवर ठेवा, इंजिन बंद ठेवून किल्ली फिरवा आणि स्टिअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत वळवून बघा. चाकं हवेत असूनही ते ठरावीक जागी अडकत असेल, तर दोष बहुधा स्टिअरिंग कॉलमच्या जॉइंटमध्ये, बॉल जॉइंटमध्ये किंवा स्ट्रटच्या वरच्या बेअरिंगमध्ये असतो. पावसात भिजून आणि खाऱ्या हवेत गंजून हे जॉइंट आखडतात. अशा गाडीला नवा पंप बसवला तरी स्टिअरिंग जडच राहील.

गैरसमज 2: तेल कमी झालं तर वरून भरायचं, झालं काम.

वस्तुस्थिती: हे तेल बंद वर्तुळात फिरतं, पेट्रोलसारखं जळत नाही. पातळी उतरली याचा अर्थ गळती आहे. दाबाच्या पाइपचे सांधे, पंपाच्या शाफ्टचं सील आणि रॅकच्या दोन्ही टोकांवरचे रबरी बूट, या तीन जागा बघा. इंजिन बंद करून बूट दाबल्यावर आत तेल जाणवलं, तर रॅकचं सील गेलेलं आहे. डिचोलीच्या बाजूला बूट फाटका नाही ना, हेही पाहावं. फटीतून लाल चिखल आत गेला की तो रॅकचा दांडा घासतो आणि त्यातून सीलही जातं. वेळेत बदललेला स्वस्त बूट महागडा रॅक वाचवतो. इंजिन चालू असताना मात्र गळती हाताने चाचपू नका. आतला दाब 70 ते 100 बारपर्यंत जाऊ शकतो.

गैरसमज 3: तेल ते तेल, कुठलंही चालतं.

वस्तुस्थिती: बऱ्याच गाड्यांना लाल एटीएफ (ऑटोमॅटिक ट्रान्समिशन फ्लुइड) लागतं, होंडासारख्या काही कंपन्यांचं तेल वेगळं असतं. टाकीच्या झाकणावर किंवा पुस्तिकेत लिहिलेलं असेल तेच भरा. ब्रेक ऑइल तर अजिबात नको, त्याने यातली रबरी सीलं फुगतात आणि निकामी होतात.

गैरसमज 4: आवाज आला, पंप गेला.

वस्तुस्थिती: आवाजांत फरक असतो. पावसात भिजल्यावर किंवा जोरात वळवताना किंचाळल्यासारखा आवाज येत असेल, तर बेल्ट घसरतोय. घुरघुर येते आणि टाकीतल्या तेलाला फेस दिसतो, तर आत हवा शिरलीय. कारण बहुतेकदा टाकीपासून पंपापर्यंतचा सैल पाइप. तो दुरुस्त करून, चाकं उचलून, इंजिन बंद ठेवून स्टिअरिंग दोन्ही टोकांपर्यंत सावकाश वळवत राहिलं की हवा निघते. तोवर तेलाची पातळी राखावी लागते. स्टिअरिंग शेवटपर्यंत वळवल्यावर येणारा हलका फुसकारा मात्र बहुधा दोष नसतो. तिथे दाब सोडणारा व्हॉल्व्ह उघडतो आणि तेल तापू लागतं. किनाऱ्याच्या अरुंद वाटांवर गाडी फिरवताना स्टिअरिंग त्या टोकाला काही सेकंदांपेक्षा जास्त धरून ठेवू नये.

गैरसमज 5: ईपीएसचा दिवा लागला, आता पूर्ण असेंब्ली बदला.

वस्तुस्थिती: मोटरला मोठा करंट लागतो, म्हणून बॅटरी तपासणं आधी. इंजिन बंद असताना सुमारे 12.5 आणि चालू असताना 14 च्या आसपास व्होल्ट मिळायला हवेत. नंतर फ्यूज, अर्थिंगची वायर आणि कनेक्टर. समुद्राकाठच्या गाड्यांत कनेक्टरवर हिरवट गंज चढलेला सापडतो. त्यानंतर स्कॅनर लावा, पण तो ईपीएसचा कोड वाचणारा हवा. स्वस्तातले बरेच रीडर फक्त इंजिनाचे कोड दाखवतात. पार्किंगमध्ये बराच वेळ मागेपुढे केल्यावर स्टिअरिंग जड होऊन थोड्या वेळाने पूर्ववत झालं, तर मोटर तापल्यामुळे तिने स्वतःच मदत कमी केली असण्याची शक्यता जास्त.

गैरसमज 6: पॉवर गेली की गाडी वळतच नाही.

वस्तुस्थिती: स्टिअरिंग आणि चाकं यांची यांत्रिक जोडणी कायम असते. जोर जास्त लागतो, पण गाडी वळते. तरीही उतारावर इंजिन बंद करून पेट्रोल वाचवणं घातक आहे. हायड्रॉलिक गाडीत स्टिअरिंगची मदत जाते, ब्रेकचीही ओसरते, आणि किल्ली काढली तर स्टिअरिंग लॉक होऊ शकतं. स्टिअरिंग ढिलं लागणं किंवा वळवताना खटखट होणं हे मात्र जडपणापेक्षा गंभीर आहे. टाय रॉड एंड सुटत आला असू शकतो, तेव्हा गाडी पुढे न नेलेली बरी.

गॅरेजमध्ये ‘स्टिअरिंग जड आहे’ एवढंच सांगून थांबू नका. एकाच बाजूला वळताना जड, तर संशय पंपावर नाही, रॅकच्या व्हॉल्व्हवर, कारण पंप दोन्ही बाजूंना सारखाच दाब देतो. उभ्या गाडीत जड आणि एक्सलरेटर दिल्यावर हलकं, तर आधी बेल्ट आणि नंतर पंप. आणि पंप बदलायचं ठरत असेल, तर आधी गेज लावून दाब मोजायला सांगा. आकडा पाहिल्याशिवाय नव्या पंपाचे पैसे देऊ नका.