स्पीकर अचानक बंद पडला? सुरुवात भिंतीपासून करा

१२ ऑक्टोबर २०२० चा सोमवार. सकाळी दहाच्या सुमारास मुंबई, ठाणे आणि नवी मुंबईच्या मोठ्या भागातली वीज एकाच वेळी गेली. कळवा-पडघा या ४०० किलोव्होल्टच्या वाहिनीवर एका सर्किटच्या देखभालीचे काम सुरू होते, भार दुसऱ्या सर्किटवर होता आणि तेथे बिघाड झाला, असे त्या दिवशी सांगण्यात आले. लोकल जागच्या जागी थांबल्या. मुंबई विद्यापीठाला ऑनलाइन परीक्षा पुढे ढकलाव्या लागल्या. करोनाचे दिवस होते. शाळा, कॉलेज आणि ऑफिस घरातल्या कॉम्प्युटरवर येऊन बसले होते.

एवढा मोठा बिघाड क्वचितच होतो. पण ठाण्यापासून डोंबिवली-कल्याणपर्यंत पावसाळ्यात वीज जाणे-येणे कोणाला नवे नाही. वीज परत येते, पंखा फिरू लागतो, कॉम्प्युटरही सुरू होतो. शेजारचा स्पीकर मात्र मुका. त्याचा लाल किंवा हिरवा दिवासुद्धा लागत नाही. मग घरोघरी ठरलेले उपचार सुरू होतात. आधी दोन थापा, मग वायर हलवून पाहणे, आणि तेवढ्याने भागले नाही तर स्क्रू-ड्रायव्हर. पहिल्या दोन उपायांनी फारसे बिघडत नाही. तिसऱ्या उपायात मात्र माणूस दगावू शकतो. म्हणून स्पीकर तपासण्याचा क्रम माहीत असणे हा जितका दुरुस्तीचा, तितकाच आरोग्याचा विषय आहे.

आधी हकीकत, मग तपासणी

रुग्ण आला की डॉक्टर आधी विचारतात, कधीपासून होतेय, अचानक झाले की हळूहळू, घरात आणखी कोणाला आहे का? स्पीकरच्या बाबतीतही हेच प्रश्न उपयोगी पडतात. वीज गेली आणि परत आली तेव्हा तो बंद पडला का? काही दिवसांपासून घरघर, कडकड असा आवाज येत होता का? जळका वास आला होता का? जवळच्या खिडकीतून पावसाचे पाणी आले होते का? आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, बंद पडला तो फक्त स्पीकर की त्याच वेळी घरातले आणखी काही?

आणखी एक गोष्ट सुरुवातीलाच वेगळी करावी. दिवा लागतो पण आवाज येत नाही, हा निराळा आजार आहे. तो बहुधा कॉम्प्युटरच्या आवाजाच्या सेटिंगमध्ये, ब्लूटूथमध्ये किंवा चुकीच्या भोकात खोचलेल्या पिनेत असतो. काही स्पीकर बराच वेळ आवाज आला नाही की आपोआप झोपी जातात. गाणे लावले किंवा बटण दाबले की जागे होतात. येथे विचार करायचा आहे तो मुळीच दिवा न लागणाऱ्या स्पीकरचा.

भिंतीकडून स्पीकरकडे

तपासणी नेहमी वीज येते त्या बाजूने करावी. पहिला थांबा भिंतीवरचा सॉकेट. त्यात टेबल लॅम्प किंवा मोबाइलचा चार्जर लावून पाहावा. तो चालला नाही तर दोष स्पीकरचा नाही.

दुसरा थांबा एक्स्टेन्शन बोर्ड. कॉम्प्युटरच्या टेबलाखाली एका बोर्डाला मॉनिटर, राउटर, प्रिंटर, स्पीकर असे सगळे लटकलेले असते. बोर्डाच्या आतल्या पितळी पट्ट्या सैल होतात, त्यांच्यात धूळ आणि मुंग्या शिरतात, कधी पालही सापडते. स्पीकरचा प्लग बोर्डातून काढून थेट भिंतीच्या सॉकेटमध्ये लावावा. काही बोर्डांवर लहानसे दाबायचे बटण असते; भार वाढला की ते उडते आणि पुन्हा दाबेपर्यंत बोर्ड बंद राहतो. बोर्डाचे प्लास्टिक पिवळे-काळे पडले असेल किंवा हाताला गरम लागत असेल, तर तो बोर्ड त्याच दिवशी बदलावा.

तिसरा थांबा अॅडॅप्टर. बऱ्याच लहान स्पीकरांत वीज कमी करण्याचे काम या बाहेरच्या डबीत होते आणि अनेकदा तीच आधी जाते. बदली अॅडॅप्टर लावताना जुन्यावरचे लेबल वाचावे. व्होल्ट तंतोतंत तेवढेच हवेत, अँपिअर तेवढे किंवा जास्त चालतील, पिनेच्या आतला-बाहेरचा अधिक-उणे तोच हवा. काही स्पीकरांना एसी देणारा अॅडॅप्टर लागतो, काहींना डीसी. तेही लेबलवर लिहिलेले असते. घरात सापडली ती डबी, पिन बसते म्हणून, लावू नये. यूएसबीवर चालणारा स्पीकर असेल तर दुसऱ्या पोर्टला लावून पाहावा.

चौथा थांबा स्पीकरवरची बटणे. काही स्पीकरांत आवाजाची घुंडी उलटी फिरवली की ‘टक्’ असा आवाज होऊन वीज बंद होते. साफसफाईत ती फिरलेली असते आणि कोणाच्या लक्षात येत नाही. काहींचे बटण मागे, वूफरच्या डब्यावर असते. शेवटी प्लग काढून दहा मिनिटे थांबावे आणि पुन्हा लावावा.

हे चार थांबे कोणीही, डबा न उघडता, तपासू शकतो. बंद पडलेल्या बऱ्याच स्पीकरांचे कारण येथेच सापडते.

कालपर्यंत चालत होता, मग आज काय झाले?

स्पीकरच्या आत कपॅसिटर नावाचे छोटे दंडगोल असतात. येणारी वीज साठवून ती संथपणे पुढे देणे हे त्यांचे काम. त्यांच्या आतला द्रव उष्णतेने वर्षानुवर्षे हळूहळू आटतो. तापमान दहा अंशांनी कमी ठेवले तर त्यांचे आयुष्य साधारण दुप्पट होते, असा इलेक्ट्रॉनिक्समधला जुना ठोकताळा आहे. आपल्याकडचे स्पीकर भिंतीला चिकटून, मॉनिटरमागच्या गरम कोपऱ्यात, महिनोन्‌महिने चालूच असतात. थकलेला कपॅसिटर चालू असताना कसाबसा काम करतो. वीज काही तास गेली, तो थंड झाला की पुन्हा सुरू होण्याइतका जोर त्याच्यात उरत नाही. त्यातच वीज परत येताना दाब क्षणभर वाढला तर उरलासुरला भागही जातो. वीज गेल्याने स्पीकर बिघडला असे आपण म्हणतो. पुष्कळदा तो आधीच थकलेला असतो.

वीज गेली की स्पीकर, मॉनिटर, टीव्ही यांचे प्लग काढून ठेवावेत आणि वीज येऊन पाच-दहा मिनिटे स्थिर राहिली की मगच लावावेत. बिनखर्चाचा हा उपाय उपयोगी पडतो.

डबा उघडण्याआधी थांबा

ज्या स्पीकरची वायर अॅडॅप्टरशिवाय थेट भिंतीत जाते, त्याच्या डब्यात घरातली पूर्ण वीज असते. आपल्या घरातली वीज २३० व्होल्टची. पण हा सरासरी काढलेला आकडा आहे. तिचे शिखर सुमारे ३२५ व्होल्टपर्यंत जाते आणि काही स्पीकरांतले कपॅसिटर त्या शिखराइतके भरतात. प्लग काढल्यावरही तो साठा काही काळ तसाच राहू शकतो. त्यामुळे प्लग काढला आहे, आता काय होणार, हा भरवसा खोटा आहे.

फ्यूज गेला असेल तर त्या जागी जाड तार किंवा चांदीचा कागद गुंडाळण्याची सवयही घातक आहे. फ्यूज जाणे हे तापासारखे लक्षण आहे. मूळ कारण आतच असते. फ्यूजची वाट जबरदस्तीने जोडली की पुढच्या वेळी आग लागते. बदलायचाच तर तेवढ्याच क्षमतेचा फ्यूज घालावा. तोही पुन्हा उडाला तर स्पीकर कारागिराकडे न्यावा.

शरीरात काय होते

विजेचा धक्का किती घातक, हे शरीरातून किती प्रवाह गेला यावर ठरते. कोरडी कातडी बराच विरोध करते. घामाने, पावसाने ओली झालेली कातडी तो विरोध हजार ओहमच्या आसपास आणू शकते. २३० व्होल्टला हजार ओहमने भागले की २३० मिलीअँपिअर. एक मिलीअँपिअरला मुंग्या येतात. दहा-पंधराला हाताचे स्नायू आवळतात आणि धरलेली वस्तू सोडता येत नाही. पन्नास ते शंभरच्या पुढे काही क्षणांतच हृदयाची लय बिघडू शकते. ते आकुंचन पावण्याऐवजी नुसते थरथरते आणि रक्त पुढे जात नाही. जुलैच्या दमट दुपारी, अनवाणी, घामेजल्या हाताने उघडलेला स्पीकर या गणितात अगदी चपखल बसतो.

येथे एमसीबी वाचवील असे अनेकांना वाटते. एमसीबी ६ किंवा १६ अँपिअरची, म्हणजे हजारो मिलीअँपिअरची असते. माणसाचा जीव घेणारा प्रवाह तिच्या दृष्टीने किरकोळ. ती पडत नाही. ती वायरिंग वाचवण्यासाठी आहे. माणसासाठी असते ती आरसीसीबी. गेलेली आणि परत आलेली वीज यांत ३० मिलीअँपिअरचा फरक पडला की ती क्षणार्धात पुरवठा तोडते. तिच्यावरचे ‘टेस्ट’ बटण दर महिन्याला दाबून पाहावे. दाबल्यावर ती पडली नाही तर इलेक्ट्रिशियनला बोलवावे. मात्र एका हाताने फेज आणि दुसऱ्याने न्यूट्रल धरला, किंवा भरलेल्या कपॅसिटरला बोट लागले, तर आरसीसीबीचाही उपयोग नाही.

रांगत्या मुलांची आणखी एक गोष्ट. लोंबणारी वायर ते तोंडात घालतात. ओठाच्या कोपऱ्याला भाजले तर जखम लहान दिसते, पण खपली निघताना, आठवडा-दोन आठवड्यांनी, ओठाच्या धमनीतून जोराचा रक्तस्राव होऊ शकतो. अशी जखम डॉक्टरांना दाखवलीच पाहिजे.

बंद स्पीकर जेव्हा घराबद्दल सांगतो

एकाच दिवशी स्पीकर, राउटर आणि टीव्ही गेले, काही दिवे मंद आणि काही नको तितके प्रखर दिसू लागले, तर शंका घ्यावी न्यूट्रल तुटल्याची. इमारतीला वीज तीन फेजमध्ये येते आणि घरे त्यांत वाटलेली असतात. दोन फेजमधला दाब सुमारे ४०० व्होल्ट असतो. न्यूट्रल सैल झाला किंवा तुटला की २३० व्होल्टऐवजी एका घरात फारच कमी आणि दुसऱ्या घरात तीनशेच्याही वर दाब जाऊ शकतो. अशा वेळी स्पीकर तपासत बसू नये. मेन स्विच बंद करावा, शेजाऱ्यांना आणि सोसायटीला सांगावे, वीज कंपनीच्या १९१२ क्रमांकावर तक्रार द्यावी.

स्पीकर, कॉम्प्युटरचा पत्रा किंवा नळाला हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील तर अर्थिंग तपासून घ्यावे. तिसरी पिन मोडलेला प्लग वापरणे म्हणजे हे संरक्षण स्वतःच्या हाताने काढून टाकणे.

पुराचे पाणी लागलेल्या वस्तूंचा नियम त्याहून कडक. २६ जुलै २००५ ला आणि जुलै २०१९ मध्ये, वांगणीजवळ महालक्ष्मी एक्स्प्रेस अडकली त्या पुरात, उल्हास नदीकाठच्या वस्त्यांनी पाणी घरात शिरलेले पाहिले आहे. भिजलेला स्पीकर उन्हात वाळतो. पण गाळ आणि क्षार आत राहतात आणि पुढच्या दमट दिवशी तेच वीज वाहून नेतात. तो कारागिराने साफ केल्याशिवाय लावू नये.

शॉक लागलाच तर

चिकटलेल्या माणसाला हात लावू नये. आधी मेन स्विच बंद करावा. ते जमत नसेल तर कोरड्या जागी उभे राहून कोरड्या लाकडाने किंवा प्लास्टिकच्या खुर्चीने त्याला दूर करावे. १०८ ला फोन करावा. माणूस हाकेला ओ देत नसेल आणि श्वास नीट चालत नसेल, तर छातीच्या मधोमध दोन्ही हातांनी, मिनिटाला १०० ते १२० वेळा, पाच-सहा सेंटिमीटर खोल दाब देत राहावे. मदत येईपर्यंत थांबू नये.

शुद्धीवर असला तरी चक्कर, छातीत धडधड किंवा दुखणे, भाजल्याची खूण, पडून लागलेला मार यांपैकी काही असेल, किंवा रुग्ण गर्भवती वा हृदयविकाराचा असेल, तर लगेच रुग्णालयात न्यावे आणि ईसीजी काढून घ्यावा. कळव्याचे छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालय, कल्याणचे रुक्मिणीबाई, डोंबिवलीचे शास्त्रीनगर ही पालिकांची रुग्णालये आपल्या भागातच आहेत. कातडीवर ठिपक्याएवढा डाग आणि आत स्नायूंना मोठी इजा, असे विजेच्या बाबतीत घडते. म्हणून ‘थोडासाच शॉक होता’ यावर विसंबू नये.

सॉकेट, बोर्ड, अॅडॅप्टर, बटण एवढे चार थांबे झाले की घरातल्या माणसाचे काम संपले. पुढे स्टेशनजवळचा दुरुस्तीवाला आहे. त्यानेही हात टेकले तर स्पीकर ओल्या-सुक्या कचऱ्यात न टाकता ई-कचऱ्यात द्यावा. नवा स्पीकर बाजारात मिळतो. तेवढ्यासाठी डब्यात बोट घालण्याचे काहीच कारण नाही.