विज्ञानातल्या पीएचडीचा सरकारी आधार

विज्ञान शाखेत पीएचडी करणाऱ्यांसाठी भारतातली सर्वांत परिचित सरकारी शिष्यवृत्ती म्हणजे जेआरएफ, अर्थात कनिष्ठ संशोधन अधिछात्रवृत्ती. ती सीएसआयआर-यूजीसी नेट परीक्षेतून मिळते. रसायन, भौतिक, गणित, जीव आणि पृथ्वी विज्ञान असे पाच विषय. परीक्षा उत्तीर्ण झाली म्हणजे काम झाले असे नव्हे. मार्गदर्शक आणि पीएचडीसाठी प्रवेश स्वतःच मिळवावा लागतो, आणि खरी दमछाक बहुधा इथेच होते.

१ जानेवारी २०२३ पासून पहिली दोन वर्षे दरमहा ३७,००० रुपये मिळतात. त्यानंतर कामाचे मूल्यमापन होते आणि ते समाधानकारक ठरल्यास वरिष्ठ अधिछात्र म्हणून ४२,००० रुपये. घरभाडे भत्ता वेगळा. एकूण मुदत पाच वर्षांची. सीएसआयआरचे, म्हणजे वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेचे, अधिछात्र विद्यापीठांत काम करतात, तसे परिषदेच्या पुण्यातील राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत किंवा गोव्यातील समुद्रविज्ञान संस्थेतही.

२०१८ च्या अर्थसंकल्पात जाहीर झालेल्या पंतप्रधान संशोधन अधिछात्रवृत्तीची रक्कम बरीच मोठी: सुरुवातीला दरमहा ७०,००० आणि शेवटच्या दोन वर्षांत ८०,००० रुपये, शिवाय वर्षाला दोन लाखांचे संशोधन अनुदान. आयआयटी, आयआयएस्सी, आयसरसारख्या निवडक संस्थांपुरतीच ती असल्याने बहुतेक विद्यापीठांत शिकणाऱ्यांना तिचा उपयोग नाही.

महाराष्ट्रात बार्टी, सारथी आणि महाज्योती या संस्था वेगवेगळ्या समाजघटकांतील संशोधकांना अधिछात्रवृत्ती देतात. मात्र सरकारी पैसा दरमहा वेळेवर येईलच, असे धरून घरखर्च बेतणे धोक्याचे.