ऑईल कूलरच्या बैठकीचे आटे गेले तर?

गेल्या उन्हाळ्यात सोलापुरात आमच्या जुन्या गाडीचं इंजिनकाम काढलं. ऑईल कूलर सोडवला, तर बैठकीच्या एका भोकातले आटे बोल्टला चिकटूनच बाहेर आले. मिस्त्री म्हणाले, "सर, आधी कुणीतरी लय आवळलंय."

एक बोल्ट सैल असला तरी पॅकिंगवर सारखा दाब बसत नाही, तेल गळतं. आणि तेलाविना इंजिन जाम होतं.

पण दोष फक्त हाताचा नाही. बैठक ॲल्युमिनियमची, बोल्ट स्टीलचा. १०० मिमी लांबीची पट्टी ३० अंशांवरून १०० अंश सेल्सिअसवर नेली, तर स्टील साधारण ०.०८ मिमी वाढतं, ॲल्युमिनियम ०.१६ मिमी. म्हणजे इंजिन तापलं की बोल्टवरचा ताण वाढतो. तो आधीच जास्त आवळलेला असेल, तर मऊ धातूतले आटे सोलतात. (प्रसरणाच्या धड्याला रेल्वेच्या रुळांपेक्षा हे उदाहरण मला बरं वाटतं.)

एम-सील भरून भागत नाही. भोक थोडं मोठं केलं, हेलिकॉइलच्या टॅपनं नवे आटे पाडले आणि त्यात स्टीलच्या तारेची गुंडाळी बसवली. तिचं आतलं माप जुन्याच बोल्टचं. बैठकीचा कान तडकला असता, तर आधी आर्गॉन वेल्डिंग करून पृष्ठभाग सपाट करावा लागला असता. टॅपला ग्रीस लावलं, म्हणजे कीस त्यालाच चिकटतो; तो तेलाच्या वाटेत गेला तर बेअरिंग खरवडतो. शेवटी बोल्ट टॉर्क रेंचनं आवळला, मॅन्युअलमधल्या आकड्याइतकाच.

आपल्याकडे कॅमशाफ्ट बनतात, लेथवर काम करणारे पालकही वर्गात असतात. एकाला बोलवा. माझ्याकडचा तो बोल्ट आता प्रयोगशाळेतच आहे. आटे मुलंच मोजतात.