धुराड्यात उतरणारे आभाळ

ऑगस्ट संपत आला की अमेरिकेच्या पूर्व भागातल्या आणि कॅनडातल्या काही शहरांत संध्याकाळी लोक घडीच्या खुर्च्या घेऊन एखाद्या जुन्या शाळेच्या किंवा कारखान्याच्या आवारात जमतात. सगळ्यांचे डोळे विटांच्या उंच धुराड्याकडे लागलेले असतात. दिवस कलतो तसे आधी चार-दोन, मग शेकडो काळे पक्षी त्यावर घिरट्या घालू लागतात. हे चिमनी स्विफ्ट. आपल्याकडे पुलांखाली आणि जुन्या इमारतींच्या छज्ज्याखाली घरटी करणाऱ्या पाकोळीचे भाऊबंद.

थवा गोल फिरतो, पांगतो, पुन्हा जमतो. कलकलाट वाढत जातो. एखादा पक्षी धुराड्याच्या तोंडाशी येऊन हुलकावणी देतो आणि वर निघून जातो. उजेड पुरता मंदावल्यावर कुणीतरी एक, पंख वर उचलून, सरळ आत पडतो, आणि मग रीघच लागते. बघता बघता आभाळ रिकामे होते. मोठ्या मुक्कामाच्या जागी हजारो पक्षी एकाच धुराड्यात रात्र काढतात.

बसून नव्हे, लटकून. या पक्ष्याला फांदीवर बसताच येत नाही. आकडीसारख्या नखांनी तो उभी भिंत पकडतो आणि शेपटीच्या पिसांची पुढे आलेली काटेरी टोके विटेला टेकवून स्वतःला सावरतो. वजन जेमतेम २० ते ३० ग्रॅम. गार रात्री ते एकमेकांवर कौलांसारखे चिकटून राहतात आणि ऊब धरतात. दिवसभर मात्र हवेतच: किडे टिपणे, पाणी पिणे, इतकेच नव्हे तर घरट्यासाठी वाळक्या काड्या मोडणेसुद्धा उडता उडता. या काड्या तो लाळेने भिंतीला चिकटवतो.

विणीच्या काळात एका धुराड्यात साधारणपणे एकच जोडी घरटे करते. गर्दी होते ती पिल्ले उडू लागल्यावर, दक्षिणेच्या प्रवासाआधी. हा प्रवास नेमका कुठे संपतो हे बरीच वर्षे कोडे होते. १९४३ च्या डिसेंबरात पेरूतल्या यानायाकू नदीकाठच्या आदिवासींकडे या पक्ष्यांच्या पायांत ओळखीसाठी घातलेली १३ वळी मिळाली, आणि ॲमेझॉनच्या खोऱ्यातला हिवाळी मुक्काम उजेडात आला.

युरोपीय वसाहती येण्यापूर्वी हे पक्षी पोकळ झाडांत राहत. पक्षिचित्रकार जॉन जेम्स ऑड्युबॉनने केंटकीतल्या लुईव्हिलजवळच्या एका पोकळ सिकॅमोर झाडात सुमारे ९,००० पक्षी असल्याचा अंदाज बांधला होता. जंगले तुटली, शहरे उभी राहिली आणि पक्ष्यांनी धुराडी आपलीशी केली. आता तीही जात आहेत. गॅस आणि विजेवर घरे तापू लागली, जुनी धुराडी पाडली गेली किंवा त्यांवर जाळ्या बसल्या. धातूचे अस्तर असलेल्या नव्या धुराड्यांत नखांना पकडच मिळत नाही.

पण हे पक्षी घटत आहेत, त्यात दोष एकट्या धुराड्यांचा नाही, आणि याचा पुरावा एका धुराड्यातच सापडला. कॅनडातल्या किंग्स्टनच्या क्वीन्स विद्यापीठातल्या फ्लेमिंग हॉलच्या धुराड्यात जवळजवळ अर्ध्या शतकाची विष्ठा साचून सुमारे दोन मीटरचा थर झाला होता. संशोधकांनी तो थराथराने तपासला. ज्या काळात डीडीटी या कीटकनाशकाचा वापर वाढला, त्याच काळात या पक्ष्यांच्या आहारातले भुंगेरे घटलेले दिसले. पोटाला सकस अन्न कमी पडू लागल्याची ती नोंदच म्हणायची. १९६० च्या दशकापासून या पक्ष्यांची संख्या निम्म्याहून खाली आली आणि २०१८ मध्ये धोक्यातल्या प्रजातींच्या आंतरराष्ट्रीय लाल यादीत त्यांची नोंद ‘असुरक्षित’ म्हणून झाली.

काही गावांनी मनावर घेतले आहे. नोव्हा स्कोशियातल्या वुल्फव्हिलने जुन्या डेअरीचे धुराडे जपले आणि त्याच्याभोवती निसर्गकेंद्र उभारले. टेक्सासमध्ये खास या पक्ष्यांसाठी लाकडी मनोरे बांधून पाहिले गेले, आणि त्यांत घरटी झाली.

मुलांकडे अमेरिकेला किंवा कॅनडाला जाणारे आई-बाबा आता आपल्याकडे घरोघरी आहेत. पूर्वेकडच्या एखाद्या शहरात ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये मुक्काम असेल, तर तिथल्या पक्षिप्रेमींना धुराड्याचा पत्ता विचारा आणि सूर्यास्ताच्या अर्धा तास आधी तिथे पोचा. आणि मुलाच्या घराला जुने विटांचे धुराडे असेल, तर ते उन्हाळ्यात उघडे ठेवायला सांगा.