जव्हार: लोकसंख्या 12,040, मग गिऱ्हाईक किती?

बऱ्याच जणांचा एकच प्रश्न येतो, "सर, बोईसर-पालघरला गाळ्याचं भाडं झेपत नाही, छोट्या गावात दुकान टाकू का?" टाका की. पण आधी ते गाव वाचायला शिका. आज आपल्याच जिल्ह्यातलं जव्हार घेऊ.

जव्हार म्हणजे मुकणे राजांच्या संस्थानाची राजधानी. डोंगरावरचं गाव, रेल्वे नाही. माल घाट चढूनच जाणार, म्हणजे गाडीभाडं धरूनच भाव काढायचा. नगरपरिषद 1918 सालची, संस्थानी काळातली. 2011च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या 12,040. त्याच जनगणनेत बोईसर 36,151, आणि कारभार ग्रामपंचायतीचा! तेव्हा पाटीवर 'नगरपरिषद' आहे म्हणून बाजार मोठा असं समजू नका.

आणि आकडा छोटा म्हणून बाजार छोटा, असंही नाही. तालुक्यात तेव्हा सुमारे 1 लाख 40 हजार माणसं होती आणि शहर हे एकच. वारली, कोकणा, ठाकूर, कातकरी पाड्यांवरची माणसं खरेदीला इथेच येतात. तुमचं खरं गिऱ्हाईक ते. त्यांची बोली कळणारा पोरगा गल्ल्याशेजारी उभा करा. आपली शहरी मराठी ऐकून बाया भाव न विचारताच पुढे जातात, हे मी बघितलंय.

आता माझी चूक सांगतो. काही वर्षांपूर्वी जानेवारीत मी साठ हजारांची स्टीलची भांडी घेऊन तिथे स्टॉल लावला. तीन आठवड्यांत विक्री किती? नऊ हजार! शेवटी शेजारचा चहावाला म्हणाला, "दादा, माणसं जगायला गेलीत. होळीला या."

'जगायला जाणं' हा इकडचा शब्द. भाताची कापणी झाली, दिवाळी झाली की कितीतरी कुटुंबं वसई-भिवंडीकडे वीटभट्ट्यांवर, बांधकामांवर जातात. पाडे अर्धे रिकामे. होळीला मात्र माणूस घरी येतोच. बीबीएला आम्हाला मार्केट सर्व्हे शिकवला होता, पण गावात माणसं कुठल्या महिन्यात असतात हा प्रश्न काही त्या फॉर्ममध्ये नव्हता.

होळीच्या आठ दिवस आधी तोच माल परत नेला, सोबत थोडे कपडे. निम्म्याहून जास्त भांडी गेली. उधारी दिली नाही. भट्टीवाल्यांची उचल आधीच डोक्यावर असते, त्यात आपली भर नको.

उन्हाळ्यात वेगळंच. शहराला जयसागर धरणाचं पाणी आहे, पण पाड्यांवर टंचाई. तेव्हा हंडे आणि प्लॅस्टिकचे ड्रम हातोहात जातात. पावसाळ्यात दाभोसा धबधबा बघायला मुंबईकर येतात, त्यांना भजी-चहा लागतो, भांडी नाही.

राहिलेला स्टीलचा माल मी शेवटी बोईसरच्या दुकानात खरेदीच्या भावाने काढला. डब्यांचे दोन सेट अजून वरच्या फळीवर आहेत.