झेप्टो : दहा मिनिटांमागची मांडणी

मोबाइलवरून मागवलेला किराणा, भाजीपाला, दूध आणि घरातल्या बारीकसारीक वस्तू काही मिनिटांत दारात पोहोचवणारी झेप्टो ही कंपनी २०२१ मध्ये मुंबईत या नावाने सुरू झाली. ऑक्टोबर २०२५ मध्ये गुंतवणूकदारांनी तिचे मूल्य सात अब्ज डॉलर धरले. एवढ्या कमी काळात झालेल्या या वाढीचे श्रेय सहसा रस्त्यावरच्या वेगाला दिले जाते. प्रत्यक्षात ती दोन गोष्टींवर उभी आहे : माल आणि गिऱ्हाईक यांच्यातले अंतर कमी करणारी मांडणी आणि ती मांडणी उभी राहीपर्यंत तोटा सोसणारे भांडवल.

किराणाकार्टचा धडा

कंपनीचे संस्थापक आदित पालिचा आणि कैवल्य व्होरा हे बालपणापासूनचे मित्र. दोघेही दुबईत वाढले. अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठात संगणकशास्त्र शिकण्याची संधी सोडून ते व्यवसायात उतरले, तेव्हा त्यांनी विशीही गाठली नव्हती. २०२० च्या टाळेबंदीत मुंबईत अडकलेल्या कुटुंबांना वाणसामान मिळणे कठीण झाले होते. त्यातून ‘किराणाकार्ट’ सुरू झाले. गिऱ्हाइकाची यादी जवळच्या किराणा दुकानाकडे पाठवायची आणि तिथून सामान उचलून घरी पोहोचवायचे, अशी ही व्यवस्था होती.

मुंबईला घरपोच किराणा नवा नव्हता. फोनवर यादी सांगितली की वाण्याकडचा पोऱ्या पिशव्या घेऊन वर येतो आणि हिशेब महिनाअखेरीस होतो, ही रीत अनेक वस्त्यांत जुनी आहे. पण एकाच ॲपवर अनेक दुकाने आणली की वेगळ्या अडचणी उभ्या राहतात. ॲपवर दिसणारी वस्तू दुकानात शिल्लक असेलच असे नाही. गल्ल्यावर उभ्या गिऱ्हाइकाला सोडून दुकानदार ऑनलाइन मागणी आधी भरत नाही. सामान पोहोचायला पाऊण तास लागे. संस्थापकांनी मुलाखतींत सांगितले आहे की, दुकानाच्या अगदी जवळ राहणाऱ्यांना सामान लवकर मिळे आणि तीच गिऱ्हाइके पुन्हा पुन्हा मागवत. या निरीक्षणावरून दिशा बदलली. नवउद्योगांना पाठबळ देणाऱ्या वाय कॉम्बिनेटर या अमेरिकी संस्थेच्या २०२१ च्या हिवाळी तुकडीत कंपनीची निवड झाली होती. त्याच वर्षी दुसऱ्याच्या दुकानावर विसंबणे थांबवून तिने स्वतःची साठवण केंद्रे उभारली आणि झेप्टो हे नाव घेतले.

डार्क स्टोअरच्या आत

या केंद्रांना धंद्यात ‘डार्क स्टोअर’ म्हणतात. दाट वस्तीतला एखादा तळमजल्याचा गाळा, आत रॅकच्या रांगा, शीतकपाटे आणि दाराशी दुचाक्यांची रांग. गिऱ्हाइकाला आत प्रवेश नाही, त्यामुळे दर्शनी मांडणीची गरजही नाही. प्रत्येक खणाला क्रमांक असतो. मागणी आली की ‘पिकर’च्या हातातल्या यंत्रावर कोणत्या रॅकमधून काय उचलायचे, हे चालत जाण्याच्या क्रमाने उमटते. तो वस्तू स्कॅन करून पिशवीत टाकतो. दूध, ब्रेड, कांदे-बटाटे असा रोज खपणारा माल बांधणीच्या टेबलाजवळ, तर क्वचित लागणारा आतल्या बाजूला ठेवतात. पाच-सहा वस्तूंची पिशवी दोन-अडीच मिनिटांच्या आत रायडरच्या हाती पडावी, असा या रचनेचा हेतू असतो.

पुढचे गणित अंतराचे आहे. दुचाकी गर्दीतून ताशी १५ ते २० किलोमीटरने चालली, तरी दोन किलोमीटर कापायला सहा ते आठ मिनिटे लागतात. म्हणून केंद्राचा पल्ला साधारण तेवढाच ठेवला जातो आणि शहर व्यापायचे तर अशी अनेक केंद्रे लागतात. त्यांना माल पुरवण्यासाठी शहराबाहेर किंवा कडेला मोठे गोदाम असते, त्याला ‘मदर हब’ म्हणतात. कोणत्या वस्तीत संध्याकाळी कोथिंबीर किती खपेल, पाऊस लागला की कशाची मागणी वाढेल, याचा अंदाज आधीच्या विक्रीवरून बांधला जातो. अंदाज चुकला तर भाजी सडते किंवा गिऱ्हाइकाला ‘माल संपला’ असे दिसते. दोन्हीकडून नुकसानच.

भांडवल आणि स्पर्धा

केंद्र उघडल्या दिवसापासून भाडे, वीज आणि पगार सुरू होतात. पुरेशा मागण्या मात्र काही महिन्यांनी येतात. मधली पोकळी भांडवलाने भरली. नोव्हेंबर २०२१ मध्ये सहा कोटी डॉलर, पाठोपाठ डिसेंबरात १० कोटी आणि मे २०२२ मध्ये २० कोटी डॉलर कंपनीला मिळाले. ऑगस्ट २०२३ मध्ये आणखी २० कोटी डॉलर आले, तेव्हा मूल्य १.४ अब्ज डॉलर धरले गेले आणि त्या वर्षी अब्ज डॉलरचा टप्पा गाठणारी ती पहिली भारतीय नवउद्यमी कंपनी ठरली. २०२४ च्या जून ते नोव्हेंबर या काळात तीन फेऱ्यांत मिळून एक अब्ज डॉलरहून अधिक रक्कम उभी राहिली. ऑक्टोबर २०२५ च्या फेरीत आणखी ४५ कोटी डॉलर आले. दरम्यान मुख्यालय मुंबईहून बंगळुरूला गेले.

या धंद्यात झेप्टो एकटी नाही. २०१३ मध्ये सुरू झालेल्या ग्रोफर्सने २०२१ च्या अखेरीस ब्लिंकिट हे नाव घेतले आणि पुढच्या वर्षी झोमॅटोने ती विकत घेतली. स्विगीने इन्स्टामार्ट २०२० मध्येच आणले होते. बंगळुरूची डन्झो मात्र रिलायन्स रिटेलची मोठी गुंतवणूक मिळूनही टिकली नाही. २०२५ च्या सुरुवातीला तिची सेवा बंद पडली. परदेशातला अनुभवही सावध करणारा आहे. २०१३ मध्ये फिलाडेल्फियात दोन विद्यार्थ्यांनी सुरू केलेल्या गोपफचे मूल्य २०२१ मध्ये १५ अब्ज डॉलरवर गेले. पुढच्याच वर्षी तिला नोकरकपात करून अनेक गोदामे बंद करावी लागली. इस्तंबूलच्या गेटिरने २०२४ मध्ये अमेरिका आणि युरोपातल्या बाजारांतून माघार घेतली. भारतीय शहरांतली दाट वस्ती आणि कमी मजुरी यांमुळे इथे माल पोहोचवण्याच्या प्रत्येक फेरीला खर्च कमी येतो. यातला दुसरा घटक मात्र अभिमानाचा नाही.

जमा आणि खर्च

मार्च २०२३ अखेरच्या वर्षात झेप्टोचे उत्पन्न सुमारे २,०२५ कोटी रुपये आणि तोटा सुमारे १,२७० कोटी रुपये होता. पुढच्या वर्षी उत्पन्न ४,४५४ कोटींवर गेले, म्हणजे दुपटीहून वाढले. तोटा मात्र जवळपास तेवढाच, सुमारे १,२५० कोटी राहिला. केंद्र एकदा उभे राहिले की भाडे तेच राहते आणि वाढत्या मागण्यांवर ते विभागले जाते, हे त्याचे एक कारण. दुधाच्या पिशवीवर फारसे काही सुटत नाही. म्हणून हाताळणी व वितरण शुल्क, जास्त नफ्याची सौंदर्यप्रसाधने व घरगुती वस्तू, २०२२ मध्ये सुरू झालेले चहा-नाश्त्याचे झेप्टो कॅफे आणि ॲपवर वरची जागा मिळवण्यासाठी ब्रँड देत असलेले जाहिरातीचे पैसे यांवर भर दिला गेला. डिसेंबर २०२५ मध्ये कंपनीने समभाग विक्रीसाठी गोपनीय पद्धतीने सेबीकडे कागदपत्रे दाखल केली.

भार कोणावर?

विस्ताराची गती देखरेखीवर ताण आणते. जून २०२५ मध्ये महाराष्ट्राच्या अन्न व औषध प्रशासनाने धारावीतल्या केंद्राचा परवाना निलंबित केला. काही अन्नपदार्थांवर बुरशी, साचलेल्या पाण्याजवळ ठेवलेला माल आणि शीतगृहाचे न पाळलेले तापमान असे दोष तपासणीत आढळले होते. दुरुस्तीनंतर निलंबन मागे घेण्यात आले.

दुसरा प्रश्न किरकोळ व्यापाराचा. ग्राहकोपयोगी वस्तूंच्या वितरकांच्या अखिल भारतीय महासंघाने २०२४ मध्ये स्पर्धा आयोगाकडे तक्रार केली. भांडवलाच्या जोरावर खरेदीपेक्षाही कमी दरात माल विकून लहान दुकानदारांना बाजूला सारले जाते, असा तिचा गाभा होता. उधारीवर सामान देणारा वाणी हा अनेक कुटुंबांचा अडचणीतला आधार असतो. ॲप ती जागा घेत नाही.

सर्वांत मोठा प्रश्न रायडरचा आहे. त्याची कमाई मुख्यतः फेऱ्यांवर ठरते. पेट्रोल आणि गाडीची देखभाल त्याच्याच खिशातून होते. मागण्या कमी असल्या की केंद्राबाहेर थांबण्याचा वेळ वाया जातो, आणि पावसात मागण्या वाढतात तेव्हा रस्ता सर्वांत धोकादायक असतो. ३१ डिसेंबर २०२५ रोजी देशात अनेक ठिकाणी या कामगारांनी काम बंद ठेवले. जानेवारी २०२६ मध्ये केंद्रीय श्रममंत्री मनसुख मांडविया यांच्याशी झालेल्या चर्चेनंतर ब्लिंकिटने दहा मिनिटांचे आश्वासन जाहिरातींतून काढले आणि इतर कंपन्यांनीही तशी तयारी दाखवली. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या सामाजिक सुरक्षा संहितेनुसार अशा कंपन्यांनी वार्षिक उलाढालीच्या एक ते दोन टक्के रक्कम कामगारांच्या कल्याणासाठी द्यायची आहे. कामगारांना दिलेल्या मोबदल्याच्या पाच टक्के ही तिची कमाल मर्यादा.

माल जवळ आणून वेळ वाचवता येतो, हे झेप्टोने सिद्ध केले. अपघात विमा, आजारपणातला आधार आणि थांबण्याच्या वेळेचा मोबदला यांचा खर्च हिशेबात धरूनही प्रत्येक केंद्र स्वतःच्या उत्पन्नावर चालले, तरच ही वाढ निकोप म्हणता येईल.